टीव्हीची पट्टी : कोणी भरावी, किती भरावी, कोणाच्या हाती द्यावी



ब्रिटनमधले एखादे मध्यम आकाराचे शहर. सकाळचे अकरा वाजले आहेत. भाड्याच्या घरात एक बाई आपल्या लहान मुलासह आहे. मोठे मूल शाळेत गेले आहे, धाकटे टीव्हीसमोर बसले आहे. दारावरची घंटा वाजते. दारात गळ्यात ओळखपत्र अडकवलेला माणूस उभा असतो. तो सभ्यपणे विचारतो : घरात टीव्ही आहे का? लायसन्स काढले आहे का? बाई खरे ते सांगते. यंदा जमले नाही, वीजबिल थकले होते. तो माणूस छापील फॉर्म काढतो, ती सांगेल ते पुरावा म्हणून वापरले जाऊ शकते अशी सूचना वाचून दाखवतो, तिची उत्तरे लिहून घेतो आणि खाली सही मागतो. काही महिन्यांनी घरी न्यायालयाचा कागद येतो. गुन्हा : लायसन्सशिवाय टीव्ही पाहणे.

हे कोणा एकीच्या घरचे चित्र नाही. ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षे अशा रीतीने हजारो खटले उभे राहिले. ‘कम्युनिकेशन्स ॲक्ट २००३’ या कायद्याच्या ३६३व्या कलमानुसार लायसन्स न घेता टीव्ही वापरणे हा फौजदारी गुन्हा आहे. कमाल दंड १,००० पौंड, वर खटल्याचा खर्च. लायसन्स नाही म्हणून कोणी थेट तुरुंगात जात नाही, पण ऐपत असून दंड भरला नाही तर तुरुंगाचा दरवाजा उघडतो. आणि हा सगळा खटाटोप ज्या संस्थेसाठी चालतो, ती बीबीसी जगभर निर्भीड बातम्यांसाठी आणि उत्तम माहितीपटांसाठी नावाजलेली आहे.

आजच्या व्याख्यानाचा प्रश्न या दारातच उभा राहतो. प्रेक्षकावर टीव्ही-लायसन्सची सक्ती करणे न्याय्य आहे का?

मराठीत सामूहिक कामासाठी पैसे गोळा करण्याला तीन शब्द आहेत आणि तिन्हींचे वजन वेगळे आहे. गणेशोत्सवाला देतो ती वर्गणी. ती मनापासून दिली जाते, नाही दिली तर फार तर शेजारी नाक मुरडतात. धाक दाखवून काढतात ती खंडणी. आणि या दोहोंच्या मधे आहे पट्टी : घरपट्टी, पाणीपट्टी. पट्टी सक्तीची असते, पण तिच्यामागे कायदा असतो, तिचा हिशेब मागता येतो, आणि ती कोणाकडून किती घ्यावी याची काही रीत असते. ब्रिटनमधले टीव्ही-लायसन्स कायद्याच्या दृष्टीने पट्टी आहे. बीबीसीला ती सगळ्या देशाने मिळून दिलेली वर्गणी वाटते. आणि दारात फॉर्मवर सही करणाऱ्या त्या बाईला ती खंडणी वाटत असेल, तर तिला दोष देता येणार नाही. एकाच रकमेची तीन नावे का होतात, याचा उलगडा झाला की न्यायाचा प्रश्नही बराचसा सुटतो.

आधी इतिहास, कारण या पट्टीचे आजचे रूप तिच्या जन्मातच आहे. नोव्हेंबर १९२२ मध्ये लंडनहून बीबीसीचे रेडिओ प्रसारण सुरू झाले. त्या वेळी ती रेडिओसंच बनवणाऱ्यांनी मिळून काढलेली कंपनी होती. संच बाळगणाऱ्याने वर्षाला १० शिलिंगांचे लायसन्स पोस्टातून घ्यायचे. त्यातला निम्मा वाटा बीबीसीला मिळे. १ जानेवारी १९२७ रोजी शाही सनदेने ती सार्वजनिक संस्था झाली आणि जॉन रीथ तिचे पहिले महासंचालक झाले. जाहिरातदाराचा ताबा नको, सरकारी खातेही नको, श्रोत्यांच्या पैशावर चालणारी आणि सगळ्या श्रोत्यांना बांधलेली संस्था हवी, ही त्यामागची कल्पना. महायुद्धानंतर १९४६ मध्ये टीव्ही पुन्हा सुरू झाला तेव्हा रेडिओ आणि टीव्हीचे एकत्र लायसन्स २ पौंडांना निघाले. १९६८ पासून रंगीत टीव्हीला वेगळा, जास्तीचा दर लागला. १९७१ मध्ये नुसत्या रेडिओचे लायसन्स रद्द झाले. एप्रिल २०२५ मध्ये रंगीत टीव्हीचे लायसन्स वर्षाला १७४.५० पौंड झाले, आपल्या पैशात वीस हजार रुपयांच्या आसपास. कृष्णधवल टीव्हीचा ५८.५० पौंडांचा स्वस्त दरही तेव्हा चालू होता.

म्हणजे ही पट्टी यंत्राला चिकटलेली आहे. १९२२ मध्ये ते अगदी बरोबर होते. संच घरात असला की ऐकणार तो बीबीसीच, कारण दुसरे काही नव्हतेच. १९५५ मध्ये जाहिरातींवर चालणारी आयटीव्ही आली, मग उपग्रह वाहिन्या आल्या, मग इंटरनेट आले. कायदा मात्र यंत्राच्या आणि पाहण्याच्या क्रियेच्या मागे धावत राहिला. आजचा नियम असा : कोणतीही वाहिनी, कोणत्याही देशाची, कोणत्याही यंत्रावर, प्रसारण चालू असतानाच पाहिली तर लायसन्स हवे. सप्टेंबर २०१६ पासून बीबीसीच्या आयप्लेअरवर मागचे कार्यक्रम पाहायचे असले तरी हवे. नेटफ्लिक्सवर साठवलेला सिनेमा पाहायला मात्र नको.

याचा अर्थ लंडनजवळच्या हॅरोत राहणारे एखादे मराठी कुटुंब घ्या. संध्याकाळी ते एखाद्या मराठी वाहिनीवरची मालिका थेट लावते आणि बीबीसी वर्षभर उघडत नाही. त्या घराला पूर्ण लायसन्स लागते. शेजारचा तरुण मात्र रात्रभर मागणीनुसार मालिका पाहतो, बीबीसीच्या संकेतस्थळावर फुकट बातम्या वाचतो आणि बीबीसी रेडिओ ऐकतो. त्याला एक पेनीही भरावी लागत नाही. बीबीसीचा उपयोग कोण करतो आणि पैसे कोण भरतो, यांची सांगड अशी सुटलेली आहे. विरोधकांचा पहिला आक्षेप हाच, आणि तो खरा आहे.

दुसरा आक्षेप याहून मोठा. ही रक्कम सर्वांना सारखी. २०२५ च्या दराने लंडनच्या बँकेतल्या बड्या अधिकाऱ्याला १७४.५० पौंड आणि दोन मुले एकटीने वाढवणाऱ्या अर्धवेळ कामगार बाईलाही १७४.५० पौंड. अंधांना निम्मी सूट आहे, वृद्धाश्रमांसाठी वेगळी सवलत आहे, ७५ वर्षांवरच्या गरीब वृद्धांना माफी आहे, पण कमाईनुसार दर ही कल्पनाच या पट्टीत नाही.

महाराष्ट्रातल्या नोकरदाराला सक्ती नवी नाही. दरमहा पगारपत्रकात ‘व्यवसाय कर’ म्हणून २०० रुपये कापले जातात, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५०० रुपये. हा कर १९७५ मध्ये आला तो रोजगार हमी योजनेसाठी. दुष्काळी गावात पाझर तलावाच्या मातीकामावर जाणाऱ्या मजुराच्या मजुरीसाठी मुंबई-पुण्याच्या कारकुनाने आणि प्राध्यापकाने पैसे द्यायचे. तो कारकून त्या तलावावर कधी जाणार नसतो. तरीही ‘आपण वापरत नाही तर का द्यायचे’ म्हणून हा कर अन्यायाचा ठरला नाही. कारण हेतू पटलेला होता, आणि दुसरे म्हणजे ठरावीक पगाराखालच्या माणसाला त्यातून वगळले आहे. सक्ती सहन होते ती या दोन गोष्टींमुळे. ब्रिटिश लायसन्सकडे पहिली गोष्ट आहे, दुसरी जवळजवळ नाही.

तिसरा आक्षेप फौजदारीचा. वसुली करणारा माणूस दिवसा येतो. दिवसा घरी कोण असते? एकटी आई, घरकाम करणारी बाई, आजारी माणूस, बेकार माणूस. दार उघडणाऱ्याचीच सही होते आणि खटलाही त्याच नावाने. त्यामुळे या गुन्ह्यात दोषी ठरणाऱ्यांमध्ये दर चारांत जवळजवळ तीन महिला असे प्रमाण राहिले. बायका टीव्ही जास्त चोरून पाहतात म्हणून हे झालेले नाही. त्या दार उघडतात म्हणून झाले आहे. याची टीका इतकी वाढली की बीबीसीला स्वतःच या विषमतेचा अभ्यास करून घ्यावा लागला. २०१५ नंतर असे खटले ‘सिंगल जस्टिस प्रोसीजर’ या पद्धतीने चालू लागले. म्हणजे एक दंडाधिकारी, सोबत एक कायदा सल्लागार, समोर कागद. आरोपी नाही, वकील नाही, प्रेक्षकांसाठी बाकही नाही. आजारपणाची, कर्जाची, नवरा सोडून गेल्याची पत्रे फायलीत असतील तर असतात. खटल्यांची संख्या अलीकडे बरीच उतरली आहे, पण पद्धत तीच आहे. वीज, पाणी, टेलिफोनचे बिल थकले तर ते दिवाणी देणे ठरते. टीव्हीचे थकले तर गुन्हा. या फरकाचे समर्थन सापडत नाही.

२०१५ मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या डेव्हिड पेरी या वकिलांनी मात्र फौजदारी ठेवावी असाच सल्ला दिला. त्यांचे कारण व्यवहाराचे होते : दंडाचा धाक गेला तर चुकवेगिरी वाढेल आणि प्रामाणिकपणे भरणाऱ्यांवर बोजा पडेल. २०२० मध्ये सरकारने पुन्हा जनतेची मते मागवली आणि २०२१ च्या जानेवारीत निर्णय लांबणीवर टाकला. पेरी यांची भीती निराधार नाही. पण ती एक गोष्ट उघड करते. ज्या पट्टीला तुरुंगाच्या सावलीचा आधार लागतो, तिची रचना कुठे तरी चुकली आहे.

इथपर्यंत ऐकून श्रोत्यांना वाटेल की निकाल लागला : लायसन्स अन्यायाचे, रद्द करा. प्रस्तुत वक्त्याचे मत तसे नाही, आणि उरलेले व्याख्यान त्यासाठीच आहे.

प्रसारण ही वस्तू बाजारातल्या इतर वस्तूंसारखी नाही. भाकरी एकाने खाल्ली की दुसऱ्याला उरत नाही. कार्यक्रम एका घराने पाहिला की दुसऱ्या घरासाठी तो कमी होत नाही. दहा लाख घरे असोत की दोन कोटी, बनवण्याचा खर्च तोच. अशी वस्तू तिकीट लावून विकायची म्हणजे ज्याला पैसे परवडत नाहीत त्याला मुद्दाम अंधारात ठेवायचे, आणि त्यातून कोणाचीही बचत होत नाही. शिवाय सर्वांनी पाहावे असे पुष्कळ काही बाजार बनवतच नाही : लहान भाषांतले कार्यक्रम, एका जिल्ह्याच्या बातम्या, शेतकऱ्यांसाठीचे हवामान, शाळेचे धडे. वेल्श भाषेची एस४सी वाहिनी आता जवळजवळ पूर्णपणे लायसन्सच्या पैशावर चालते. स्कॉटलंडच्या गेलिक भाषेसाठी २००८ पासून बीबीसी आल्बा आहे. १९७१ च्या जानेवारीत ओपन युनिव्हर्सिटीचे पाठ बीबीसीवरून सुरू झाले आणि नोकरी करणारी, शाळा अर्धवट सुटलेली माणसे पदवीधर झाली. कोविडच्या टाळेबंदीत, जानेवारी २०२१ मध्ये, बीबीसीने शाळेच्या दिवसांत रोज काही तास टीव्हीवर वर्ग भरवले, कारण ज्या घरात लॅपटॉप नव्हता त्या घरातही टीव्ही होता.

हा अनुभव महाराष्ट्रालाही आहे. २०२० च्या जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका पहिली ते आठवीच्या मुलांसाठी लागे. ज्या पाड्यावर मोबाइलला रेंज नव्हती, तिथे एखाद्या घराच्या ओट्यावर पोरे टीव्हीसमोर बसून धडे करत. ते धडे पाहायला पैसे मोजावे लागले असते, तर त्या ओट्यावरून नेमकी कोणती मुले उठून गेली असती, हे सांगायला नको.

मग पैसा कुठून यावा? जाहिरातीतून येऊ शकतो. १९८५ मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने बीबीसीला जाहिराती घ्यायला लावाव्यात का, हे तपासण्यासाठी ॲलन पीकॉक या अर्थतज्ज्ञांची समिती नेमली. पीकॉक मुक्त बाजाराचे पक्के पुरस्कर्ते, त्यामुळे निकाल काय लागेल याचा सर्वांनी अंदाज बांधला होता. १९८६ च्या जुलैत अहवाल आला तेव्हा तो अंदाज फोल ठरला. समितीने जाहिराती नाकारल्या. बीबीसी आणि आयटीव्ही एकाच जाहिरातीच्या पैशासाठी भांडू लागल्या तर दोघी एकसारख्याच होतील आणि प्रेक्षकाची निवड वाढण्याऐवजी घटेल, हे त्यांचे म्हणणे. लांबच्या भविष्यात वर्गणीदारीचा मार्ग पाहावा, तोवर लायसन्स ठेवावे आणि महागाईशी जोडावे, असे त्यांनी सांगितले. जाहिरातीवर चालणारा टीव्ही फुकट आहे असे वाटते, पण साबणाच्या वडीच्या किमतीत त्याचा वाटा असतोच, आणि तो टीव्ही न पाहणाराही भरतो. शिवाय जाहिरातदाराला गरीब, म्हातारा आणि खेड्यातला प्रेक्षक नको असतो, कारण तो फार खरेदी करत नाही.

दुसरा मार्ग सरकारी तिजोरीचा. हा वरवर सगळ्यात न्याय्य दिसतो, कारण आयकर कमाईनुसार असतो. पण तिथे हात सरकारचा. ऑस्ट्रेलियाने १९७४ मध्ये लायसन्स रद्द करून एबीसी ही सार्वजनिक प्रसारण संस्था अर्थसंकल्पावर सोपवली. २०१३ च्या निवडणुकीच्या आदल्या रात्री पंतप्रधानपदाचे उमेदवार टोनी ॲबट यांनी एबीसीच्या पैशांत कपात होणार नाही असे जाहीर सांगितले. पुढच्या वर्षी त्यांच्याच सरकारने पाच वर्षांत २५ कोटींहून जास्त डॉलरची कपात केली. अमेरिकेत १९६७ च्या कायद्याने आलेल्या ‘कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंग’साठी आधीच मंजूर केलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर काँग्रेसने जुलै २०२५ मध्ये परत काढून घेतले, आणि महिनाभरात त्या संस्थेने गाशा गुंडाळत असल्याचे जाहीर केले. फ्रान्सने २०२२ मध्ये १३८ युरोंची टीव्ही-पट्टी रद्द केली आणि तिच्या जागी विक्रीवरच्या व्हॅट कराचा वाटा दिला. म्हणजे जे आधी टीव्ही असलेल्या घराकडून घेतले जाई, ते आता किराणा घेणाऱ्या प्रत्येकाकडून.

आपल्या देशाने लायसन्स सोडण्याचा हा प्रवास कधीच करून टाकला, आणि त्याची फारशी चर्चाही झाली नाही. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. तिचा भरवसा १० रुपयांच्या वार्षिक लायसन्सवर होता. पण संच महाग, परवानाधारकांची संख्या अखेरपर्यंत आठ हजारांच्या आतच राहिली आणि १९३० मध्ये कंपनी बुडाली. प्रसारण सरकारकडे गेले. पुढे स्वातंत्र्यानंतर कितीतरी वर्षे घरोघरी पोस्टाची लायसन्स-पुस्तिका असे. सभागृहातल्या ज्येष्ठांना ती आठवेल : लहानशी, जाड पुठ्ठ्याची, आत मालकाचे नाव, संचाची माहिती आणि पुढे कोऱ्या चौकटी. दरवर्षी पोस्टाच्या खिडकीवर रांग लावायची, रेडिओचे १५ रुपये, टीव्हीचे ५० रुपये द्यायचे. कारकून त्या चौकटीत तिकीट चिकटवून त्यावर ठसकन शिक्का मारायचा. निरीक्षक आला की ती पुस्तिका दाखवायची, म्हणून ती रेशनकार्डाशेजारी जपून ठेवलेली असे.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले तेव्हाही हाच नियम. पण भारतीय आणि ब्रिटिश लायसन्समध्ये एक मूलभूत फरक होता. इथले पैसे आकाशवाणीला किंवा दूरदर्शनला स्वतंत्र संस्था म्हणून मिळत नव्हते. ती सरकारी खाती होती. श्रोता पट्टी भरे, पण ‘ही माझी आकाशवाणी, तिने मला जाब द्यावा’ असे म्हणण्याची सोय नव्हती. दरम्यान जाहिरातीही आल्या : नोव्हेंबर १९६७ मध्ये विविध भारतीवर, तेही मुंबई-पुणे-नागपूरपासून, आणि १९७६ मध्ये दूरदर्शनवर. १९८०च्या दशकाच्या मध्यावर लायसन्स गेले तेव्हा लोकांनी सुटकेचा श्वास सोडला आणि पुस्तिका रद्दीत दिल्या. त्या दिवशी प्रेक्षकाच्या हातून काय सुटले, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आले नाही.

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रसारणाच्या खटल्यात सांगितले की प्रसारणाच्या रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. तो निकाल देणाऱ्यांत न्या. पी. बी. सावंत होते. लहरी ना सरकारच्या, ना व्यापाऱ्याच्या, हा त्याचा गाभा. १९९० चा प्रसार भारती कायदा अखेर १९९७ मध्ये अमलात आला. स्वायत्त संस्था झाली, पण पैशाची दोरी सरकारकडेच राहिली. पगाराचा मोठा बोजा आजही अनुदानावर चालतो. दूरदर्शनच्या फ्री डिश सेवेवरच्या जागा खासगी वाहिन्यांना लिलावाने विकणे हे आता उत्पन्नाचे एक साधन आहे. आणि प्रेक्षक? तो भरतोच आहे. २०१९ मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने केबल-डीटीएचच्या जोडणीसाठी महिना १३० रुपये अधिक कर अशी कमाल मर्यादा लागू केली होती. हे पैसे वितरकाचे. वर वाहिन्यांचे वेगळे, ओटीटीचे वेगळे. महाराष्ट्रातले मध्यमवर्गीय घर पडद्यासाठी वर्षाला काही हजार रुपये मोजते, आणि त्यातल्या एका रुपयावरही ‘हा सार्वजनिक प्रसारणासाठी’ असे लिहिलेले नसते. लायसन्स नको म्हटले म्हणजे पट्टी टळत नाही. फक्त ती कोणाच्या खिशात जाते हे दिसेनासे होते.

म्हणून ‘सक्ती असावी का’ हा प्रश्न नीट मांडलेला नाही. पैसे सगळीकडेच घेतले जातात. प्रश्न तीन आहेत : ऐपतीप्रमाणे घेतले जातात का, न भरणाऱ्याला शिक्षा कोणती, आणि रक्कम ठरवणारा हात कोणाचा?

शेवटच्या प्रश्नावर ब्रिटनचे लायसन्सही नापास होते, आणि हे बीबीसीच्या समर्थकांनी मान्य केले पाहिजे. कागदावर बीबीसी सरकारपासून दूर आहे. पण दर ठरवतो तो मंत्रीच. २०१० च्या ऑक्टोबरात काही दिवसांच्या वाटाघाटीत १४५.५० पौंडांचा दर गोठवला गेला आणि बीबीसीची परदेशांसाठीची वर्ल्ड सर्व्हिस, वेल्श वाहिनी यांचा खर्च लायसन्सवर टाकला गेला. नोव्हेंबर २००० पासून ७५ वर्षांवरच्या सर्वांना सरकार स्वतःच्या पैशाने फुकट लायसन्स देत होते. २०१५ मध्ये सरकारने हे ओझेही बीबीसीच्या डोक्यावर दिले. पूर्ण सवलत चालू ठेवली असती तर वर्षाला सुमारे ७४.५ कोटी पौंड लागले असते, म्हणजे साऱ्या अंदाजपत्रकाचा पाचवा हिस्सा. बीबीसीने १ ऑगस्ट २०२० पासून ही सवलत फक्त पेन्शन क्रेडिट घेणाऱ्या गरीब वृद्धांपुरती ठेवली. तीस लाखांहून जास्त घरांत पत्रे गेली. शिव्या बीबीसीला बसल्या, मंत्री नामानिराळे राहिले. २०२२ मध्ये दर पुन्हा दोन वर्षांसाठी १५९ पौंडांवर गोठवला, आणि त्याच वर्षी ब्रिटनमधली महागाई ११ टक्क्यांवर गेली. परिणाम बाहेरही दिसला : ८५ वर्षांची बीबीसी अरबी रेडिओसेवा जानेवारी २०२३ मध्ये बंद पडली.

लायसन्सचा धागा मराठीपर्यंतही येतो. २ ऑक्टोबर २०१७ रोजी बीबीसीची मराठी सेवा इंटरनेटवर सुरू झाली. तिच्या आरंभीच्या विस्ताराला ब्रिटिश सरकारचे खास अनुदान होते, पण २०१४ पासून वर्ल्ड सर्व्हिसचा मोठा भार लायसन्सवरच आहे. म्हणजे सांगली-जालन्यातल्या वाचकासाठी लिहिल्या जाणाऱ्या बातमीमागे, थोडा का होईना, लीड्समधल्या एखाद्या घराचा पैसा असतो. त्या घराला कोणी विचारले नव्हते. तरी ते देते, आणि आपण ते वाचतो.

मग चांगला नमुना कुठे? तो बहुतांशी जर्मनीत आहे. तिथे २०१३ पासून टीव्ही आहे की नाही हे पाहतच नाहीत. प्रत्येक घराने महिना एक ठरावीक रक्कम द्यायची, २०२५ मध्ये १८.३६ युरो. यंत्र मोजणे गेले, घरात डोकावणेही गेले. सामाजिक मदत घेणाऱ्या घरांना माफी आहे. २०१८ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ही पद्धत मुख्यतः वैध ठरवली; दुसऱ्या घरासाठी पुन्हा पट्टी घेणे तेवढे चूक ठरले. रक्कम किती हवी याची शिफारस १६ तज्ज्ञांचा स्वतंत्र आयोग करतो, प्रत्येक राज्याचा एक. २०२० च्या अखेरीस सॅक्सनी-आनहाल्ट या एका राज्याने महिना ८६ सेंटची वाढ राजकीय कारणाने अडवली. पुढच्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने ती वाढ लागू करायला लावली. प्रसारणाचे स्वातंत्र्य पैशात आहे आणि पैसा अडवणे म्हणजे स्वातंत्र्य अडवणे, असा त्या निकालाचा अर्थ. अर्थात सर्वांना सारखी रक्कम हा दोष तिथेही उरतो. तो फिनलंडने आणि स्वीडनने काढला : फिनलंडने २०१३ पासून आणि स्वीडनने २०१९ पासून कमाईच्या प्रमाणात, पण ठरावीक कमाल मर्यादेपर्यंतच घ्यायला सुरुवात केली.

कुठलीही पद्धत विश्वासाशिवाय चालत नाही, हेही तितकेच खरे. आयर्लंडमध्ये जून २०२३ मध्ये उघड झाले की आरटीई या सार्वजनिक प्रसारण संस्थेने आपल्या सर्वांत लोकप्रिय सूत्रसंचालकाला दिलेले मानधन काही वर्षे कमी करून दाखवले होते. लोकांनी १६० युरोंचे लायसन्स काढणे सोडले, आणि २०२४ मध्ये सरकारला तीन वर्षांसाठी ७२.५ कोटी युरो द्यावे लागले. ग्रीसमध्ये तर पट्टी वीजबिलातून वसूल होत असूनही ११ जून २०१३ च्या रात्री सरकारने ईआरटी या सार्वजनिक वाहिनीचे पडदे काळे केले. दुसऱ्या बाजूला स्वित्झर्लंडमध्ये मार्च २०१८ मध्ये पट्टी रद्द करण्यावर थेट जनमत झाले. तेव्हा पट्टी वर्षाला ४५१ फ्रँक होती, युरोपातल्या सर्वांत जड पट्ट्यांपैकी एक. ७१.६ टक्के लोकांनी ती राहू द्या असे सांगितले. सक्तीबद्दल लोकांना नीट विचारले, तर उत्तर नेहमी ‘नको’ असेच येते असे नाही.

बीबीसीची सध्याची शाही सनद ३१ डिसेंबर २०२७ रोजी संपते. लायसन्सधारक घरे काही वर्षांपूर्वी २ कोटी ६० लाखांच्या घरात होती. आता ती २ कोटी ४० लाखांच्या खाली आली आहेत, कारण थेट प्रसारण न पाहणारी तरुण घरे कायदेशीरपणे बाहेर पडत आहेत. जुने रूप असेच चालणार नाही हे स्पष्ट आहे. प्रस्तुत वक्त्याला न्याय्य वाटणारी रचना अशी : यंत्राऐवजी घराला पट्टी, गरीब घराला माफी आणि श्रीमंत घराला जास्त दर, दर ठरवायला जर्मनीसारखा आयोग, मंत्री नव्हे, आणि थकबाकी दिवाणी. यातल्या पहिल्या तिन्ही गोष्टींना वेळ लागेल, कारण त्या नव्या सनदेशी बांधलेल्या आहेत. चौथीला सनदेची वाट पाहायची गरज नाही. ती ३६३व्या कलमात बसलेली आहे, आणि ब्रिटिश संसदेला त्या एका कलमात केव्हाही दुरुस्ती करता येते. त्यानंतरही अकरा वाजता घंटा वाजेल, माणूस दारात येईल, थकलेल्या रकमेचे हप्ते बांधून घेईल. बाई सही करेल ती हप्त्यांच्या कागदावर, आणि तिच्या नावावर गुन्ह्याची नोंद होणार नाही.